वाचनखूण : एका वाचन-ॲपच्या कामाच्या नोंदी

१४ जून २०२५

कामाला हात घातला. 'वाचनखूण' म्हणजे वेबवरचे लेख आणि ईपब (ई-पुस्तकांचा एक प्रचलित फॉरमॅट) पुस्तकं साठवून वाचायचं ॲप. नेट नसताना चालायला हवं, खुणा करता यायला हव्यात, आणि काही महिन्यांपूर्वी वाचलेला परिच्छेद आठवणाऱ्या दोन शब्दांवरून सापडायला हवा.

निमित्त ताजं आहे. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २२ मे रोजी 'पॉकेट' बंद करणार असल्याचं जाहीर केलं. ८ जुलैला सेवा थांबेल. २००७ पासून लोक 'नंतर वाचू' म्हणून त्यात लेख टाकत आले. एक्स्पोर्टच्या फाइलमध्ये लिंक, शीर्षक, टॅग असं मिळतं, लेखाचा मजकूर मिळत नाही. वेगवेगळ्या साइटींवरचं नवं लिखाण एका जागी आणून देणारं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं, तेव्हाही फीडची (म्हणजे आपण निवडलेल्या त्या साइटींची) यादी घेऊन बाहेर पडता आलं होतं. दोन्ही वेळा यादी हाती राहिली, पण वाचनाभोवती प्रत्येकाने वर्षानुवर्षं जमवलेली मांडणी विस्कटली.

वाचणाऱ्याला मजकुरात स्वतःची एक जागा लागते, असं मला वाटतं. आपण कुठवर आलो, कुठे थांबलो, कुठल्या वाक्याशी अडखळलो, ही ती जागा. कागदी पुस्तकात ती आपोआप मिळते. पडद्यावर ती कुणीतरी बांधून द्यावी लागते, आणि बांधणारा गेला की तीही जाते. म्हणून पहिला निर्णय साठवणीचा: प्रत्येक लेखाचं एक फोल्डर. त्यात साधी एचटीएमएल फाइल (वेबपानाचा फॉरमॅट), शेजारी चित्रं, आणि वाचणाऱ्याच्या खुणांची छोटी जेसन फाइल (साध्या मजकुरात माहिती ठेवायचा फॉरमॅट). डेटाबेस फक्त शोधासाठी. तो पुसला तरी फोल्डरांवरून पुन्हा उभा राहील. ॲप नसलं तरी कुठल्याही ब्राउझरात लेख उघडेल. सर्व्हर नाही, खातं नाही.

१७ जून

वेबपानातून लेख वेगळा काढण्याचं काम. त्यासाठी मोझिलाची 'रीडेबिलिटी' ही मुक्त लायब्ररी (कुणालाही वापरता येणारा तयार कोड) वापरते आहे. फायरफॉक्सचं रीडर व्ह्यू, म्हणजे पानावरचा नुसता लेख दाखवायची सोय, तिच्यावरच चालतं. तिचं मूळ 'आर्क९०' या गटाने २००९ मध्ये लिहिलेल्या छोट्या स्क्रिप्टमध्ये आहे.

तिचा कोड बसून वाचला. कल्पना फार सुंदर आहे. पानावरचा प्रत्येक परिच्छेद घ्यायचा. २५ अक्षरांपेक्षा लहान असेल तर सोडून द्यायचा. उरलेल्यांना गुण: असण्याबद्दल एक, प्रत्येक स्वल्पविरामाला एक, दर शंभर अक्षरांना एक, पण लांबीचे गुण जास्तीत जास्त तीन. हे गुण परिच्छेदाला वेढणाऱ्या टॅगला (एचटीएमएलमधल्या कप्प्याला) पूर्ण आणि त्याच्याही वरच्या टॅगला निम्मे द्यायचे. मग त्या भागातला किती मजकूर लिंकांनी व्यापलाय ते बघून गुण कापायचे. ज्याचे गुण सर्वांत जास्त, तो लेख.

स्वल्पविराम ही खूण किती अचूक पकडलीय! मेनूत, जाहिरातीत, 'हेही वाचा'च्या यादीत स्वल्पविराम जवळपास नसतात. माणूस विचार करत, थांबत, पुढे जात लिहितो तिथेच ते दाट येतात. मराठीनेही हेच चिन्ह घेतलेलं असल्याने इथे काही बदलावं लागलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. या हिशेबात वाचनीय म्हणजे लांब वाक्यांचं गद्य. कविता सपशेल नापास होते. लहान ओळी, स्वल्पविराम नाहीत, आणि प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद केलेली असेल तर २५ अक्षरांच्या अटीतच ती गळते. संवादांनी भरलेल्या कथेचंही तेच. आकडा खाली आणून पाहिला तर मेनूतला कचरा आत येतो. तेव्हा गुणपद्धतीला हात न लावता एक साधी सोय घातली: 'हा भाग घे'. मूळ पानावर बोट ठेवून वाचणाऱ्याने स्वतः भाग निवडायचा. निवडलेल्या भागातल्या ओळी जशा मोडल्या आहेत तशाच ठेवायच्या.

२१ जून

ईपब उघडण्याचा भाग झाला. फारसं सांगण्यासारखं नाही, कारण हा फॉरमॅट शहाण्या माणसांनी केलाय. ईपब म्हणजे झिप फाइल. आत एक्सएचटीएमएलची (एचटीएमएलचंच एक काटेकोर रूप) पानं, चित्रं, मजकूर कसा दिसावा ते सांगणारं सीएसएस, आणि प्रकरणांचा क्रम सांगणारी एक फाइल. २००७ मध्ये मानक झालं, ईपब ३ आलं २०११ मध्ये, आणि २०१७ पासून डब्ल्यू३सी ही वेबची मानकं ठरवणारी संस्था ते सांभाळते. जुन्या ईपब २ च्या अनुक्रमणिकेची पद्धत वेगळी आहे, तीही वाचता येते. पुढे.

२६ जून

आजचा पूर्ण दिवस शोधात गेला, आणि मनासारखा गेला.

शोधासाठी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचं एफटीएस५ हे मजकूर शोधायचं साधन वापरते आहे. त्याचा नेहमीचा टोकनायझर 'युनिकोड६१'. तो मजकुराचे शब्द पाडतो, आणि शब्दात काय धरायचं हे युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला एक कोड देणारं मानक) वर्गांवरून ठरवतो: अक्षरं, अंक आणि खासगी वापराची चिन्हं. बाकी सगळं म्हणजे शब्दांमधली मोकळी जागा. आता युनिकोडमध्ये 'क', 'म', 'ठ' अक्षरं आहेत, पण काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताचं चिन्ह 'मार्क' या वेगळ्या वर्गात आहेत. परिणामी प्रत्येक काना हा टोकनायझरच्या लेखी शब्दाचा शेवट. 'कादंबरी'चे तुकडे होतात 'क', 'द', 'बर'. 'शब्द'चे 'शब' आणि 'द'.

मौज अशी की शोध वरवर चालतोय असंच वाटतं. शोधाच्या शब्दाचेही तसेच तुकडे होतात आणि ते ओळीने जुळतात, म्हणून हवं ते सापडतं. त्यासोबत नको ते ढीगभर सापडतं. 'मीठ' शोधलं की 'मोठा', 'मिठी', 'मूठ', 'माठ' सगळे हजर, कारण सगळ्यांचे तुकडे 'म' आणि 'ठ'. फक्त 'मठ' येत नाही, कारण त्यात 'म' आणि 'ठ' यांच्यामध्ये कुठलंच चिन्ह नाही. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

उपाय टोकनायझरच्या पर्यायांतच आहे. डेटाबेसचं टेबल तयार करताना वर्गांच्या यादीत 'एमएन' आणि 'एमसी' हे मार्कचे दोन उपवर्ग घातले की शब्द अखंड राहतात. एका ओळीचा बदल. पण ही ओळ लिहावी लागते हे ठाऊक असलेला माणूस त्या जागी असावा लागतो, आणि देवनागरीत शोध बिघडलेली जी ॲप्स दिसतात त्यांतली बरीचशी याच ओळीवाचून अडली असतील असं मला वाटतं.

२९ जून

शोध अजून चालू आहे. शब्द अखंड झाले, आता एकच शब्द दोन प्रकारे लिहिलेला असतो त्याचं काय?

'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक, नुक्ता असलेला 'ऱ' आणि पुढे हलन्त. दुसरी, साधा 'र', हलन्त आणि मग शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर तंतोतंत एकच दिसतं. युनिकोडचं प्रमाणीकरण या दोघांना एक मानत नाही, त्यामुळे तिथून मदत नाही. कीबोर्ड बदलला की तऱ्हा बदलते. 'ॲ'चंही तसंच: २००८ मध्ये युनिकोड ५.१ ने त्याला स्वतःचा कोड दिला, त्याआधीचा आणि आजचाही बराच मजकूर 'अ'वर चंद्र ठेवून लिहिलेला आहे.

म्हणून शोधाच्या अनुक्रमणिकेत शब्द जाण्याआधी त्याचं एक सपाट रूप करते. अर्धा र एकाच तऱ्हेने. 'ॲ' एकाच कोडने. उरलेले अदृश्य जोडक काढून टाकायचे. वेलांट्या आणि उकार ऱ्हस्व करायचे, म्हणजे 'फूल' शोधणाऱ्याला 'फुलाला' मिळेल आणि 'वीट' शोधणाऱ्याला 'विटेचा'. जुन्या पुस्तकांसाठी आणखी एक पायरी हवी. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या मजकुरात 'नाहीं', 'घरांत', 'केलें' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार भरपूर असतात. ते गाळून होणारी जुळणी वेगळी ठेवली, ती निकालात खाली दिसेल.

हे सगळं फक्त शोधाच्या अनुक्रमणिकेत. मूळ मजकुराच्या एकाही कोडला धक्का लावायचा नाही. लेखकाने 'केलें' लिहिलंय तर वाचणाऱ्याला 'केलें'च दिसलं पाहिजे.

सामान्यरूपाचा प्रश्न मोठा आहे. 'पाणी'चं 'पाण्यात' होतं, 'मासा'चं 'माशाला'. शब्दाचा शेवटचा स्वर सोडून पुढचं काहीही चालेल असा शोध घेतला की 'पाण्यात' येतं, सोबत 'पाणवठा'ही येतो. तो आला तर बिघडत नाही. 'माशाला'साठी हाताने केलेली छोटी यादी पुरेल. शब्दाची सगळी रूपं ओळखणारा पूर्ण रूपविश्लेषक जोडायचा मोह होतोय, पण तो फोनवर जड पडेल.

५ जुलै

पानं की स्क्रोल?

वेबच्या लेखांना सगळेच स्क्रोल देतात, कारण ब्राउझर तेच देतो. मी दोन्हींचे नमुने केले आणि गेल्या आठवड्यात त्यांवरच वाचलं. माझा कौल पानांना आहे, आणि तो निव्वळ आवडीचा प्रश्न नाही.

नॉर्वेत ॲन मँगेन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दहावीच्या ७२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींनी मजकूर कागदावर वाचला, काहींनी तोच पीडीएफ म्हणून पडद्यावर. कागदवाल्यांचं आकलन सरस ठरलं. स्क्रोल करताना मजकुराचा ठाव सुटतो, हे त्यामागचं एक कारण असावं असं संशोधकांनी सुचवलं. २०१८ मध्ये डेल्गादो आणि सहकाऱ्यांनी ५४ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत मिळून १,७१,०५५ जण होते. माहितीपर मजकुराला कागद सरस, वेळेचं बंधन असेल तर जास्तच. निव्वळ कथात्मक मजकुरात फरक दिसला नाही. आणि २००० ते २०१७ या काळात पडद्याची ही पीछेहाट कमी होण्याऐवजी वाढत गेली होती. लोकांना पडद्याची सवय झाली की तफावत आपोआप मिटेल, असं मानणाऱ्यांनी या शेवटच्या निष्कर्षाशी थोडं थांबायला हवं.

यातून 'पडद्यावर वाचूच नका' असं मी काढत नाही. पडद्यावर वाचणारी माणसं आहेत, बऱ्याच मजकुराची कागदी आवृत्तीच नसते, आणि अक्षर मोठं करता येणं ही कित्येकांची गरज असते. माझ्या हातात एवढंच आहे की कागदाकडे असलेली स्थिरता पडद्याला शक्य तितकी द्यायची. 'ते वाक्य डावीकडे वरच्या बाजूला होतं' असं जे आठवतं ते स्थिर पानामुळे. स्क्रोलमध्ये प्रत्येक वाक्य पडद्याच्या प्रत्येक उंचीवरून गेलेलं असतं, मग आठवणार काय?

तर सुरुवातीला पानं, हवं त्याला स्क्रोल. पानं सीएसएसच्या कॉलमांनी पाडते आहे: मजकूर पडद्याच्या रुंदीच्या कॉलमांत ओतायचा आणि एकेक कॉलम सरकवायचा. शेवटाला लेख संपतो. त्याखाली पुढचा लेख आपोआप येत नाही. न संपणाऱ्या स्क्रोलची कल्पना २००६ च्या सुमारास मांडणाऱ्या एझा रॅस्किनने पुढे स्वतःच त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली आहे. लेखाच्या शेवटी वाचणारा क्षणभर थांबतो तो वेळ त्याचा आहे. तिथे मी काहीही दाखवणार नाही.

९ जुलै

पॉकेट काल बंद झालं. त्याची एक्स्पोर्ट फाइल आयात करायची सोय तातडीने जोडली: यादीतली प्रत्येक लिंक उघडून बघते, पान जिवंत असेल तर मजकूर उतरवून घेते, नसेल तर इंटरनेट अर्काइव्ह या जुनी वेबपानं जपणाऱ्या संस्थेकडच्या प्रतीची लिंक सुचवते. ऑक्टोबरपर्यंत लोकांना फाइल काढता येणार आहे, त्याआधी हे वापरण्यायोग्य व्हायला हवं.

१३ जुलै

'वाचायला ६ मिनिटं' ही पट्टी लेखावर द्यावी का, हा प्रश्न आला. नाही देणार.

मार्क ब्रिसबर्ट यांनी २०१९ मध्ये केलेल्या एकत्रित विश्लेषणात इंग्रजी मूकवाचनाचा सरासरी वेग माहितीपर मजकुराला मिनिटाला २३८ शब्द निघाला, कथात्मक मजकुराला २६०. मिनिटांच्या पट्ट्या अशाच कुठल्यातरी आकड्याने शब्दसंख्येला भागून काढतात. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, तेव्हा शब्द कमी आणि लांब. तोच आकडा लावला तर प्रत्येक मराठी लेख खोटा झटपट वाटेल.

पण आकडा बरोबर काढता आला असता तरी दिला नसता. मिनिटं दिसली की माणूस लेख निवडताना त्याचा खर्च मोजतो आणि वाचताना घड्याळ. एखादा परिच्छेद दोनदा वाचावासा वाटला तर तो 'मागे पडतो'. त्याऐवजी लांबी दिसू दे: तळाशी एक पातळ रेघ, तिच्यावर उपशीर्षकांच्या जागी खाचा, आणि आपण कुठे आहोत त्याचा ठिपका. हातातलं पुस्तक किती उरलंय हे अंगठ्याला कळतं, साधारण तेवढीच माहिती.

न वाचलेल्यांचा लाल आकडाही ॲपच्या चिन्हावर नको. साठवून ठेवलेला लेख ही थकबाकी नाही.

२० जुलै

खुणा. ॲपचं नावच त्यावर आहे, म्हणून इथे घाई केली नाही.

वाक्य अधोरेखित केलं की त्याची जागा कशी लिहून ठेवायची? पान क्रमांक कुचकामी. अक्षराचा आकार बदलला की पानं बदलतात. ईपबसाठी सीएफआय नावाची पद्धत आहे: दस्तऐवजाच्या झाडातली वाट, म्हणजे अमुक फांदीची तमुक फांदी, तिथलं इतकं अक्षर. टॅगांना सम क्रमांक आणि मधल्या मजकुराला विषम, अशी तिची नेटकी रीत आहे. पण पुस्तकाची सुधारित आवृत्ती आली आणि मध्ये एक परिच्छेद वाढला की वाट चुकते. लेखांचं तर विचारूच नका, ते रोज बदलतात.

डब्ल्यू३सीच्या वेब ॲनोटेशनच्या २०१७ च्या मानकात यावर चांगला तोडगा आहे: खुणेसोबत ते वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवा, त्याच्या आधीचे काही शब्द आणि नंतरचे काही शब्दही ठेवा. मजकूर इकडचा तिकडे झाला तरी वाक्य त्याच्या शेजाऱ्यांवरून सापडतं. मी दोन्ही ठेवते. आधी वाटेने जाऊन बघायचं, तिथे तेच शब्द असतील तर उत्तम. नसतील तर शेजाऱ्यांना विचारत शोधायचं. तरीही नाही सापडलं तर खूण फेकायची नाही. 'हे वाक्य आता मजकुरात नाही' असं सांगून ते वाक्य दाखवायचं. वाचणाऱ्याने ज्यासाठी खूण केली ते वाक्य निदान त्याच्यापाशी राहतं.

देवनागरीची खास अडचण: खूण कुठल्याही कोडवर सुरू होऊ शकत नाही. 'क्षि' हे वाचणाऱ्याला एक अक्षर, साठवणीत ते चार कोड. युनिकोडच्या नियमांत अशा गटाला ग्राफीम क्लस्टर म्हणतात, पण बराच काळ त्या नियमांनी हलन्तानंतर गट तोडायला मुभा दिली होती, म्हणजे 'क्' वेगळा आणि 'षि' वेगळा. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ ने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी हे दुरुस्त केलं. फोनवरचा ब्राउझर जुना असला तर जुनाच नियम चालतो, म्हणून माझी स्वतःची तपासणी ठेवली: खुणेची हद्द हलन्ताच्या लगेच पुढे पडली तर ती जोडाक्षराच्या कडेपर्यंत सरकवायची.

रंग भरण्यासाठी मजकुरात टॅग घुसवत नाही. सीएसएसच्या कस्टम हायलाइट सोयीने दस्तऐवजाला स्पर्श न करता रंगवता येतं. साठवलेली फाइल जशी आली तशीच राहते.

२८ जुलै

अक्षरांची मांडणी. यातल्या बऱ्याच गोष्टी रोमन लिपीच्या सवयीतून आलेल्या आहेत आणि त्या एकेक करून बाजूला कराव्या लागतात.

अक्षरांमधलं अंतर वाढवायची 'लेटर-स्पेसिंग' पूर्ण बंद. त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे मणी होतात. मूळ पानाच्या सीएसएसमध्ये असेल तर तीही पुसते. ओळींमधलं अंतर रोमनपेक्षा जास्त हवं, कारण वर रफार-मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार अशी दोन्हीकडे गर्दी असते, १.७ वर स्थिरावले. दोन्ही कडा जुळवलेला मजकूर फोनच्या रुंदीत वाईट दिसतो, लांब शब्दांमुळे ओळीत मोठाल्या फटी पडतात. म्हणून डावी कड सरळ, उजवी मोकळी. तिरकं अक्षर नको: बहुतेक देवनागरी फॉन्टांत खरं तिरकं रूप नसतं, ब्राउझर सरळ अक्षरच ढकलून वाकवतो. लेखात तिरकं सांगितलं असेल तिथे मी किंचित जाड वजन देते.

आणि भाषेची खूण. एचटीएमएलमध्ये भाषा 'एमआर' अशी सांगितली तर चांगले फॉन्ट 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दाखवतात. हिंदी सांगितली किंवा काहीच नाही सांगितली तर हिंदी वळणाचे. मोठ्याने वाचणारी यंत्रणाही हीच खूण बघून आवाज निवडते. मराठी मजकूर असलेल्या कित्येक पानांवर भाषा इंग्रजी लिहिलेली असते, साचा तसा आला म्हणून. तेव्हा साठवताना भाषा स्वतः ओळखते. युक्ती साधी: 'आहे', 'आणि', 'नाही' किती, 'है', 'और', 'नहीं' किती, आणि 'ळ' किती. दोन-तीन परिच्छेदांत निकाल लागतो. मराठीच्या वळणाचा 'ल' पानावर उमटला की मजकूर घरचा वाटतो, आणि हा फरक पाहणाऱ्याला सांगता आला नाही तरी जाणवतो याची मला खात्री आहे.

३ ऑगस्ट

ई-इंकच्या वाचनयंत्रावर चालवून पाहिलं. त्या पडद्यात बारीक कुप्यांमध्ये काळे आणि पांढरे कण असतात, विरुद्ध विद्युतभाराचे. क्षेत्र बदललं की एक जात वर येते, दुसरी खाली जाते. एकदा बसले की वीज न देताही तिथेच राहतात. पान बदलतानाच ऊर्जा लागते. १९९७ मध्ये एमआयटीच्या संशोधनातून ही कंपनी निघाली, २००४ मध्ये सोनीचं 'लिब्रीए' यंत्र या पडद्यासह बाजारात आलं.

पानांचा निर्णय इथे खरा ठरला. स्क्रोल केलं की आधीच्या ओळींची भुतं मागे राहतात, पान पलटलं की स्वच्छ. सगळ्या हालचाली बंद करायची एक सेटिंग घातली. खुणांचे चार रंग करड्यात एकसारखे दिसतात, म्हणून रंगासोबत अधोरेषेचा प्रकारही बदलतो आता: सरळ, तुटक, नागमोडी, दुहेरी. रंग ओळखायला अडचण असणाऱ्यांनाही हे उपयोगी पडेल.

१० ऑगस्ट

यादी कशी लावायची यावर बराच विचार. तारखेने लावली तर ती फक्त वाढत जाते. टॅग लोक पहिले काही दिवस लावतात.

जुलै १९४५ मध्ये अमेरिकन अभियंते व्हॅनेव्हार बुश यांनी 'द अटलांटिक' मासिकात 'मेमेक्स' नावाच्या यंत्राची कल्पना मांडली होती: एक टेबल, आत मायक्रोफिल्मवर पुस्तकं आणि कागद, आणि वाचणारा त्यांच्यात स्वतःच्या वाटा पाडतो. त्यांचं उदाहरण धर्मयुद्धांतल्या धनुष्यांचं आहे. तुर्कांचं आखूड धनुष्य इंग्रजांच्या लांब धनुष्यापेक्षा सरस का ठरलं, याचा माग काढणारा माणूस एका लेखातून दुसऱ्यात, तिथून लवचिकतेच्या पाठ्यपुस्तकात जातो, मध्ये स्वतःचं टिपण जोडतो. आणि ही वाट टिकते. काही वर्षांनी तो ती मित्राला दाखवतो, मित्र तिची प्रत आपल्या यंत्रात ठेवतो.

वेबने लिंक दिली, पण ती लेखकाची. वाचणाऱ्याची वाट ब्राउझरच्या इतिहासात पत्त्यांची रास होऊन पडते. 'वाचनखुणे'त आता प्रत्येक लेखाजवळ 'कुठून आलो' हे साठतं: ज्या लेखातून लिंक उघडली तो लेख आणि तिथलं नेमकं वाक्य, किंवा कुणी सुचवलं असेल तर हाताने लिहिलेली एक ओळ. लेख उघडला की वर ती दिसते. उलट बाजूनेही: या वाक्यातून तू पुढे कुठे गेलास. यादी तारखेऐवजी वाटांनी लावता येते.

हे जोडल्यापासून माझं स्वतःचं वाचन बदललंय. लेख का ठेवला होता हे आठवतं, आणि ते आठवलं की तो वाचायचा की काढून टाकायचा हे लगेच ठरतं.

१७ ऑगस्ट

प्रत साठवण्याच्या मर्यादा ठरवल्या. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ च्या पाहणीनुसार २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. नुसती लिंक ठेवणं पुरत नाही, हे त्यावरून पक्कं. विकत घेतलेल्या पुस्तकांचीही शाश्वती नाही: जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या प्रती लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या होत्या, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, पैसे परत दिले, पण पुस्तकं उघडेनाशी झाली.

तरी लेखकाचा हक्क आहेच. प्रत वाचणाऱ्याच्या यंत्रावर, त्याच्यापुरती. शेअर केलं तर लिंक आणि निवडलेलं वाक्य जातं, पूर्ण मजकूर नाही. लेखकाचं नाव, मूळ पत्ता आणि साठवल्याची तारीख प्रतीपासून वेगळी करता येत नाही. कुलूपबंद ईपब उघडायचा प्रयत्न ॲप करत नाही. व्हिडिओची फक्त लिंक.

३१ ऑगस्ट

वापरण्यायोग्य आवृत्ती बांधली. रुंद तक्ते अजून पानात मावत नाहीत. सध्या ते आडवे सरकतात, चालेल.

उरलं ते तळटीपांचं काम. ईपब ३ मध्ये तळटीप आणि तिचा आकडा ओळखायची खूण असते, बहुतेक ॲप्स टीप छोट्या खिडकीत दाखवतात. खिडकी मजकुरावर येते आणि ज्या वाक्याची टीप आहे नेमकं तेच झाकते. मला टीप त्याच पानाच्या तळाशी हवी. त्यासाठी पानं पाडायची पद्धत बदलावी लागेल: टीपेची उंची आधी मोजायची, तेवढी जागा तळाशी सोडायची, आणि जागा सोडल्यामुळे आकडा असलेली ओळच पुढच्या पानावर ढकलली गेली तर पुन्हा मोजायचं. सीएसएसचे कॉलम हे करत नाहीत, स्वतः ओळी मोजाव्या लागतील.

लांब टीपेसाठी छापील पुस्तकांतली जुनी रीत पाळणार: निदान दोन ओळी मूळ पानावर, उरलेली टीप पुढच्या पानाच्या तळाशी, वर एक बारीक रेघ. चाचणीसाठी पानोपानी टीपा असलेलं एक इतिहासाचं पुस्तक काढून ठेवलंय.